मांगरातली बीएसए एम२०: गाडी घरी आली, आता हात कुठून घालू?

खारावारा | ९ मार्च

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे नुसता वाचत होतो, आज पहिल्यांदा धागा काढतोय.

शिमग्याच्या आधी कणकवलीजवळच्या एका गावातून बीएसए एम२० टेम्पोत घालून गुहागरला आणली. गाडी तीसेक वर्षं मांगरात उभी होती. वर गवताचे भारे, खाली कोंबड्या. घरातल्या काकांनी ती साठच्या दशकात दुसऱ्या हाताने घेतली होती. ते गेले आणि मुलं मुंबईला, त्यामुळे गाडी तिथेच राहिली. काकूंनी एकच अट घातली: सुटे भाग करून विकायची नाही. मी शब्द दिलाय.

ज्यांना ही गाडी माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. एका सिलिंडरची, ४९६ सीसीची, साइड वाल्व (म्हणजे वाल्व सिलिंडरच्या बाजूला) गाडी. बर्मिंगहॅमच्या स्मॉल हीथमधल्या कारखान्यात १९३७ ते १९५५ बनली. दुसऱ्या महायुद्धात सव्वा लाखाच्या आसपास गाड्या सैन्याला गेल्या, त्यातल्या पुष्कळ हिंदुस्थानात आल्या आणि युद्ध संपल्यावर इथेच विकल्या गेल्या. ताकद जेमतेम १३ घोड्यांची, वजन १६५ किलोच्या पुढे. मागे सस्पेन्शन नाही, पुढे गर्डरचा चिमटा. वेगासाठी ही कुणी घेत नाही. मला ती हवी होती ती आवाजासाठी. लहानपणी आमच्या वाडीत एक डॉक्टर एम२०वरून यायचे. गाडी खाडीपलीकडे असतानाच आजी म्हणायची, डॉक्टर आले.

आता स्थिती. टाकी, चिमटा, दोन्ही मडगार्ड, कार्बोरेटर, मॅग्डायनो (ठिणगीचा मॅग्नेटो आणि दिव्यांचा डायनामो एकत्र), तेलाची टाकी सगळं जागेवर आहे. हेडलाइट नाही, सीट भलत्याच गाडीची. इंजिन आणि चासी, दोन्हींचे नंबर स्पष्ट वाचता येतात आणि जुन्या आरसी पुस्तकाशी जुळतात. किक मात्र जागची हलत नाही, पिस्टन धरलाय, म्हणजे सिलिंडरमध्ये अडकलाय.

माझा बेत असा: सगळी गाडी सुटी करायची, चासीवर रेती मारून पावडर कोटिंग, इंजिन संपूर्ण नवं, निकेल-क्रोम झळाळतं. गणपतीपर्यंत चालू व्हायला हवी. कुठून सुरू करू?

बंदरावरचा | ९ मार्च

अभिनंदन. पण आधी पाना खाली ठेवा.

मी रत्नागिरीला मिरकरवाड्यात होड्यांच्या इंजिनांची कामं करतो. खाऱ्या हवेतलं लोखंड हा माझा रोजचा विषय. धरलेलं इंजिन बघितलं की माणूस किकवर उभा राहतो, नाहीतर गाडी गिअरमध्ये टाकून चारजणांकडून ढकलतो. त्यात रिंगा मोडतात, बोअरला (सिलिंडरच्या आतल्या भिंतीला) चरे जातात आणि पंधरा दिवसांत सुटलं असतं ते इंजिन भंगारात जातं.

तुमची साइड वाल्व आहे हे नशीब. हेडमध्ये वाल्व नाहीत, रॉकर नाही, नुसतं झाकण. बोल्टांना चार दिवस तेल पाजा, थोडी उष्णता द्या, हेड उचला. बोअर डोळ्यांनी दिसेल. डिझेल आणि ऑटोमॅटिक गिअरचं पातळ तेल निम्मं-निम्मं करून पिस्टनवर ओता आणि गाडी विसरून जा. रोज थोडं थोडं ओतत राहा. मग वरच्या गिअरमध्ये टाकून मागचं चाक हाताने पुढे-मागे केसभर हलवा. जोर लावायचा नाही. एक दिवस ते आपसूक सोडतं.

पावडर कोटिंगबद्दल माझं मत स्पष्ट आहे: किनाऱ्यावर नको. ते कोटिंग म्हणजे सालीसारखा जाड थर. एखादा खडा उडून टवका गेला की खारं पाणी त्या फटीतून आत शिरतं आणि साल वरून शाबूत असतानाच खालून लोखंड खातं. तुम्हाला दिसतं तेव्हा उशीर झालेला असतो. साधा रंग असेल तर गंज लगेच दिसतो, घासकागद मारून त्याच संध्याकाळी हात फिरवता येतो. होड्यांना आपण दरवर्षी रंग का काढतो? कारण समुद्राकाठी कायमचा रंग मिळतच नाही, पुन्हा पुन्हा लावता येईल असाच घ्यावा लागतो.

घाटावरचा लेथ | १० मार्च

कोल्हापूरहून लिहितोय. उद्यमनगरात आमचं लेथचं काम आहे, वडिलांपासून जुनी ब्रिटिश इंजिनं हातात येतात.

पहिली गोष्ट: तुमच्या घरातला मिलिमीटरचा पान्यांचा संच या गाडीपासून लांब ठेवा. हिचे नट-बोल्ट व्हिटवर्थ घराण्यातले आहेत. जोसेफ व्हिटवर्थने १८४१मध्ये आट्यांचं प्रमाण ठरवलं, कोन ५५ अंशाचा. मेट्रिकचा ६० अंशाचा. आजच्या आपल्या नळाचे आटे अजून त्या ५५ अंशांवरच चालतात. पान्याचीही गंमत आहे. त्यावरचा आकडा नटाच्या तोंडाचा नसतो, बोल्टच्या जाडीचा असतो. पाव इंच व्हिटवर्थच्या पान्याचं तोंड ०.५२५ इंच, म्हणजे १३.३ मिलिमीटर. १३चा पाना बसत नाही, १४चा बसतो पण कोपरे गोल करतो. जिथे जिथे गोल झालेले नट बघाल तिथे कुणीतरी १४चा पाना घेऊन आला होता असं समजा. त्यात बीएसएने बारीक आट्यांसाठी सायकल थ्रेडही भरपूर वापरलेत, इंचाला २६ आटे. म्हणून हरवलेल्या बोल्टच्या जागी जवळपासचा बोल्ट ठोकून बसवायचा नाही. आटे मोजायचा गेज अगदी स्वस्तात मिळतो, तो आधी घ्या.

दुसरी गोष्ट: "इंजिन संपूर्ण नवं" हे मापं घेतल्याशिवाय ठरवू नका. मूळ बोअर ८२ मिलिमीटर. वर, मध्ये, खाली, आडवं आणि उभं मापा. कनेक्टिंग रॉड हातात धरून वर-खाली ओढा. बाजूला थोडा हलला तर चालतो, वर-खाली खडखडला तर बिग एंड, म्हणजे रॉडचं क्रँकवरचं बेअरिंग, गेलं. तो खडखडत नसेल तर क्रँक फोडू नका. असा जोडलेला क्रँक सोडणं, पुन्हा जोडणं आणि एका रेषेत आणणं हे काम चांगलं करणारे हात थोडे आहेत. गरज नसताना उघडलेला क्रँक मी परत नीट झालेला कमी वेळा बघितलाय.

साडेतीनशे | १० मार्च

धागा वाचतोय. एक बाळबोध प्रश्न. मलाही जुन्या ब्रिटिश गाडीची हौस आहे, पण अनुभव शून्य. एम२०च घ्यावी की जुनी बुलेट?

घाटावरचा लेथ | १० मार्च

बुलेट. विचार करू नका. आराखडा रेडिचचाच, म्हणजे रॉयल एनफिल्डच्या इंग्लंडमधल्या कारखान्याचाच आहे. मद्रासला १९५५पासून जोडणी सुरू झाली आणि बिडाच्या सिलिंडरचं इंजिन थोड्याफार फरकाने २०१०च्या आसपासपर्यंत निघत राहिलं, त्यामुळे प्रत्येक तालुक्यात सामान आणि माणूस मिळतो. उजव्या पायाचा गिअर, डीकॉम्प (कॉम्प्रेशन सोडून किक हलकी करणारी कळ), ठिणगी पाडणाऱ्या पॉइंटचं अंतर, वाल्व ढकलणारे टॅपेट हे सगळं तिच्यावर शिका. एम२०च्या कार्बोरेटरच्या स्लायडसाठी तीन महिने थांबायची सवय नंतर लागेल.

आरसीबुक | ११ मार्च

मी आरटीओच्या कामांत आयुष्य काढलंय, आता निवृत्त. खारावारा, तुम्ही पान्यांचं विचारलंत पण कागदांचं नाही, म्हणून लिहितो.

गाडी काकांच्या नावावर आणि काका हयात नाहीत. म्हणजे आधी ती वारसाच्या, बहुधा काकूंच्या, नावावर यायला हवी. त्यासाठी फॉर्म ३१, मृत्यूचा दाखला, बाकी वारसांची संमती. त्यानंतर काकूंकडून तुमच्याकडे: फॉर्म २९ आणि ३०. काकांच्या नावाने कोऱ्या फॉर्मवर कुणी सही "मिळवून देतो" म्हणालं तर त्याच्याकडे पाठ फिरवा. मुलं मुंबईला आहेत म्हणता, तर गणपतीत सगळे गावी येतील तेव्हा एकाच बैठकीत सह्या घ्या. कोकणात यापेक्षा चांगला मुहूर्त नाही.

जुनी नोंद शोधताना एक ध्यानात ठेवा. सिंधुदुर्ग जिल्हाच १ मे १९८१ला झाला. साठच्या दशकातली नोंद तिथे नसली तर घाबरू नका, पुस्तकावर ज्या कार्यालयाचा शिक्का आहे तिथून सुरुवात करा.

आणि व्हिंटेज नोंदणी. जुलै २०२१मध्ये केंद्राने नियम आणले. पन्नास वर्षांवरची, मूळ रूपातली, चासी-इंजिनात बदल न केलेली गाडी त्यात बसते. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, पुढच्या वेळी ५,०००, मुदत दहा वर्षं, नंबरात "व्हीए" ही अक्षरं. ज्यांची नोंद आधीपासून आहे त्यांना जुना नंबर ठेवता येतो. पण अशी गाडी रोजच्या वापराला चालवता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणं यासाठीच रस्त्यावर आणायची. तुम्हाला नुसती ठेवायची आहे की रविवारी फिरवायची आहे, ते आधी ठरवा आणि मग अर्ज करा. मूळ रूप राखण्याचा मुद्दा इथेही येतो. झळाळी देण्याच्या नादात काही बदललंत तर नुकसान तुमचंच.

माहेर मालवण | १२ मार्च

हा धागा वाचताना पडवीत बसल्यासारखं वाटलं. माझ्या वडिलांकडे एम२० होती. ते कंत्राटदार होते, रस्त्यांची कामं घ्यायचे, सावंतवाडीपासून राजापूरपर्यंत तिच्यावरून फिरायचे. आम्ही भावंडं टाकीवर आणि मागच्या कॅरिअरवर.

त्यांचं एक वाक्य कानात बसलंय. कुणी गाडी दुरुस्तीला घेऊन आलं आणि लगेच पाना लावायला गेलं की म्हणायचे, "आदी आयक, मगे पानो लाव." गाडी चालू करून दहा मिनिटं नुसती ऐकायचे. टॅपेट वाजतंय की चेन, एक्झॉस्ट फुटलाय की पॅकिंग. तुमची गाडी अजून बोलत नाही, पण ती सगळी सुटी केलीत तर कधीच काही सांगणार नाही. काकांनी कुठे कुठे काय केलंय ते तिच्या अंगावर लिहिलेलं आहे.

अजून एक. गाडी तापली की वडील ओरोसजवळ एका ठरावीक हॉटेलात थांबायचे, चहा घ्यायचे, अर्ध्या तासाने निघायचे. आम्हाला वाटायचं त्यांना तिथला चहा आवडतो. ती गरम झाल्यावर बंद पडली की थंड होईपर्यंत चालू होत नसे, हे मोठेपणी कळलं. असं का व्हायचं, कुणी सांगेल का?

घाटावरचा लेथ | १२ मार्च

ताई, ते मॅग्नेटोचं दुखणं. मॅग्नेटो स्वतःच वीज तयार करतो, बॅटरी लागत नाही, म्हणून या गाड्या तीस वर्षांनीही ठिणगी देतात. पण त्याच्या आर्मेचरमध्ये एक कंडेन्सर असतो आणि तारांवर लाखेचा लेप. कंडेन्सर म्हातारा झाला की थंड असताना काम करतो, इंजिनाची उष्णता लागली की मान टाकतो. पॉइंट जळतात, ठिणगी पिवळी पडते. गार झाला की पुन्हा ठणठणीत. तुमच्या वडिलांनी गाडी उघडण्याऐवजी चहा घेतला, अगदी योग्य केलं.

सुपारीबाग | १५ मार्च

वाचतेय. फोटो टाका ना.

खारावारा | २० एप्रिल

सगळ्यांचे आभार. बेत बदललाय. गाडी सुटी केली नाही.

हेड उचललं. पिस्टन वरून तिसऱ्या भागात अडकलेला, त्याच्या रेषेत गंजाचं एक कडं. बंदरावरच्या दादांनी सांगितलेलं मिश्रण रोज सकाळी ओतत राहिलो. अकराव्या दिवशी मागचं चाक धरलं आणि ते बोटभर फिरलं. घरात कुणी नव्हतं, मी एकटाच ओट्यावर बसून राहिलो बराच वेळ.

रॉड वर-खाली अजिबात हलत नाही, तेव्हा क्रँकला हात लावणार नाही. बोअरला मात्र त्या कड्याच्या जागी खड्डे आहेत. बॅरल (सिलिंडर) उद्यमनगरला पाठवतोय.

आणि रंगाचं. टाकीवर तीन थर निघाले, निळा, काळा, मग लाल. त्याखाली, टाकीच्या बुडाला जिथे ब्रश पोचला नव्हता तिथे, मूळ खाकी. सैन्याची खाकी, ऐंशी वर्षांची. मी रेती मारून ती दहा मिनिटांत उडवणार होतो. आता ठरवलंय, जिथे जुना रंग धरून आहे तिथे तो ठेवायचा, जिथे लोखंड उघडं आहे तिथेच प्रायमर आणि हातरंग.

टाकीच्या आत मात्र गंजाचा चिखल आहे. त्याचं काय करू?

बंदरावरचा | २० एप्रिल

ॲसिड नको, ते चांगलं लोखंडही खातं आणि धुतल्यावर तासाभरात पुन्हा तांबूस होतं. धुण्याचा सोडा पाण्यात मिसळून टाकी भरा, बॅटरी चार्जरची मायनस टाकीला, प्लस आत सोडलेल्या साध्या लोखंडी सळईला. सळई टाकीच्या अंगाला टेकता कामा नये, तोंडाशी लाकडाची खुंटी लावा. सळई साधीच घ्या, स्टेनलेस अजिबात नको, त्यातून क्रोमियमचं विष पाण्यात उतरतं. बुडबुडे येतात तो हायड्रोजन, म्हणून हे काम खळ्यात, उघड्यावर, विडीकाडीपासून लांब. एक-दोन दिवसांत गंज भुसभुशीत होऊन सुटतो. धुऊन लगेच वाळवा आणि आत तेल फिरवा.

आजच्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आहे, ते हवेतलं पाणी ओढतं. आपल्या हवेत तर पाणीच पाणी. पावसाळ्यात टाकीत पेट्रोल साठवून ठेवू नका. पेट्रोल कॉकला जुना बूच असेल आणि त्यावर लाखेचा लेप असेल, तर तो लेप इथेनॉल विरघळवून टाकतं. तेही बदला.

घाटावरचा लेथ | २१ एप्रिल

पेट्रोलच्या दर्जाची काळजी मात्र करू नका. हिचं कॉम्प्रेशन पाचास एकच्या आसपास, युद्धातल्या हलक्या पेट्रोलवर चालायला बनलीय. इथेनॉलमुळे मिश्रण थोडं पातळ होतं, तेव्हा कार्बोरेटरची सुई एक खाच वर घेऊन बघा.

खारावारा | २ जुलै

बॅरल आली, काम देखणं झालंय. पण मॅग्नेटोने रडवलं. एका शहरात तारा नव्याने गुंडाळायला दिला होता, ओळखीतून. परत आला, बसवला, पहिल्यांदा ठिणगी निळीशार. पाच मिनिटांनी आतला लेप वितळून आर्मेचर घासायला लागलं. पैसे गेले, त्याहून जास्त वाईट वाटलं की ऐंशी वर्षं टिकलेली वस्तू माझ्या घाईने खराब झाली. गणपतीची तारीख मीच डोक्यात घेऊन बसलो होतो.

इथे पाऊस कोसळतोय. पडवीची जांभ्याची भिंत हाताला ओली लागते. गाडी झाकून ठेवू का?

बंदरावरचा | २ जुलै

प्लास्टिक घालू नका, आत वाफ धरते आणि गाडी बाहेर ठेवल्यापेक्षा जास्त गंजते. जुनी सुती चादर घाला. चाकांखाली फळ्या, भिंतीपासून हातभर लांब. आठवड्यातून एकदा प्लग काढून चमचाभर तेल आणि चार-पाच किका. खोबरेल लावायचा मोह होतो घरात असतं म्हणून, लावू नका, खवट होऊन चिकट थर बसतो. स्पोक आणि नटांवर ग्रीसमध्ये थोडं रॉकेल मिसळून ब्रशने हात द्या.

मॅग्नेटोचं वाईट वाटून घेऊ नका. पितळ आणि लोखंड शाबूत आहे ना? मग तो पुन्हा होतो.

खारावारा | १८ सप्टेंबर

गणपतीत कणकवलीला जाऊन आलो. काकूंच्या ओटीवर सगळ्या सह्या झाल्या. आरसीबुक काका, तुमचा सल्ला शब्दशः पाळला. नेहमीची नोंदणीच पुढे चालू ठेवतोय, व्हिंटेजचा अर्ज केला नाही. मला ती चालवायची आहे.

काकूंनी आतून एक पत्र्याची पेटी आणून दिली. व्हिटवर्थचे सात पाने, एक फीलर गेज आणि एक वही. वहीत काकांनी प्रत्येक वेळी तेल कधी बदललं, पॉइंट कधी घासले ते लिहिलंय. पॉइंटचं अंतर १२ थाऊ (इंचाचे हजारावे भाग), खाली दोनदा रेघ मारलेली. एका पानावर फक्त, "आंबोलीत तापली. स्पार्क मागे राहिला होता."

माहेर मालवण | १८ सप्टेंबर

ते शेवटचं समजलं मला! डाव्या हाताजवळचा स्पार्कचा कान, ठिणगी लवकर-उशिरा पाडायची दांडी. चालू करताना मागे घ्यायचा, नाहीतर किक उलटी येऊन घोटा मोडतो. आणि चालू झाली की पुढे द्यायचा. घाटात मागेच राहिला तर जाळ उशिरा लागतो, सगळी उष्णता एक्झॉस्टमधून सिलिंडरच्या अंगाला. वडील दर चढाला तो कान अंगठ्याने चाचपून बघायचे.

खारावारा | २३ नोव्हेंबर

चालू झाली.

मॅग्नेटो दुसऱ्यांदा, यावेळी दोन महिने वाट बघून, नव्या कंडेन्सरसह करून घेतला. काल सकाळी कार्बोरेटरची कळ दाबून पेट्रोल ओघळू दिलं, स्पार्क मागे, डीकॉम्प दाबून दोन किका, सोडून तिसरी. चौथ्याला लागली. मग ताईंच्या वडिलांचं ऐकलं: दहा मिनिटं काहीही केलं नाही, नुसता उभा राहिलो. डाव्या बाजूला चेनच्या पेटीत टकटक, बाकी एकसारखं धप-धप-धप. चेन ताणली, टकटक गेली.

आज धोपाव्यापर्यंत गेलो आणि फेरीबोटीने दाभोळला उतरलो. बोटीवर एक म्हातारे गृहस्थ जवळ आले, काही बोलले नाहीत, टाकीच्या बुडाची खाकी बोटाने चाचपून बघितली आणि माझ्याकडे बघून मान हलवली. परतीच्या चढावर स्पार्कचा कान दोनदा तपासला. घरी येईपर्यंत गरम गाडी तीनदा बंद करून तीनदा चालू केली. तिन्ही वेळा लागली.

एकच अडचण. रात्रभर उभी केली की तेलाच्या टाकीतलं तेल कमी होतं आणि सकाळी चालू केल्यावर निळ्या धुराचा ढग.

घाटावरचा लेथ | २३ नोव्हेंबर

अभिनंदन, मनापासून. तेल पंपातून झिरपून खाली क्रँककेसमध्ये उतरतंय. तेल वाहून नेणाऱ्या वाटेवर एक गोळी आणि स्प्रिंग आहे, तिच्या बैठकीवर कचरा बसला असणार. गोळी काढा, बैठक रॉकेलने धुवा, गोळी जागेवर ठेवून पितळी काडीने एकच हलका ठोका द्या. पंप उघडू नका.

खारावारा | २९ नोव्हेंबर

केलं. गोळीखाली वाटाण्याएवढा जुन्या तेलाचा गोळा होता. टाकीवर पेन्सिलने खूण केली होती, चार दिवस झाले, तेल खुणेवरच आहे.